जुना आवाज, नवा भाव

साडीच्या दुकानात नवऱ्याने आणि वाद्यांच्या दुकानात बापाने फक्त पाकीट उघडावे, तोंड उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. परवा मुलीबरोबर 'स्टेज कीबोर्ड' घ्यायला गेलो आणि हा नियम माझ्याच तोंडून मोडला.

आमची मीनल ऑफिस सुटल्यावर चार टाळकी जमवून बँडमध्ये वाजवते. तिला इलेक्ट्रिक पियानोचा आवाज हवा होता. तोही सत्तरच्या दशकातला.

"म्हणजे वस्तू सेकंडहँड घ्यायची?" मी आशेने विचारले.

"नाही हो बाबा. वस्तू नवी, आवाज जुना!"

जुना आवाजच हवा तर घरी मिक्सर आहे, हे वाक्य मी गिळले.

दुकानातल्या मुलाने एक बटण दाबून दोनचार पट्ट्या वाजवल्या. देवघरातली घंटा पाण्यात बुडवून वाजवावी तसा गोड, ओलसर आवाज आला. "हा ऱ्होड्स, काका," तो म्हणाला. वाटले, एखाद्या गावाचे नाव असेल. घरी येऊन वाचले तर तो चक्क माणूस निघाला, आणि तोही पियानोचा मास्तर!

दुसऱ्या महायुद्धात हॅरल्ड ऱ्होड्स अमेरिकेच्या हवाई दलात होता. इस्पितळातल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवायचे काम त्याच्याकडे आले. आता रोगी खाटेवरून उठेना आणि पियानो जागचा हलेना. तेव्हा या गृहस्थाने बी-१७ विमानांच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून २९ पट्ट्यांची एक पेटी केली. अंथरुणात पडल्यापडल्या वाजवावी, एवढीशी. बाँब टाकणाऱ्या विमानाचा याहून सभ्य उपयोग माझ्या ऐकिवात नाही.

युद्ध संपले, पण मास्तरांचा नाद संपला नाही. १९५९ साली फेंडर या गिटारवाल्या कंपनीने त्याचा ३२ पट्ट्यांचा 'पियानो बास' काढला. १९६५ साली ती कंपनी सीबीएसने घेतली आणि ७३ पट्ट्यांचा ऱ्होड्स बाजारात आला. आत काय? पट्टी दाबली की हातोडी पोलादी तारेच्या काडीएवढ्या तुकड्यावर आपटते, आणि त्याची थरथर लोहचुंबकाशेजारचे तारेचे वेटोळे पकडते. हळू वाजवा, घंटा. जोरात हाणा, गुरगुर. त्याचा प्रतिस्पर्धी वुर्लिट्झर. त्यात तारेऐवजी पोलादी सूर, म्हणजे आपल्या पेटीचे लांबचे नातेवाईकच. आपले वाऱ्यावर गातात, ते मार खाऊन.

ऱ्होड्सचे वजन मात्र ६० किलोंच्या आसपास. वादकाला बोटांइतकीच कंबर लागे. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. तार नाही, हातोडी नाही, वजन १४ किलो! एका कंपनाने दुसऱ्याला हलवून स्वर घडवण्याची ही युक्ती स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंगची. त्यातल्या चकचकीत पियानोवर जग भाळले आणि ऐंशीच्या दशकातच जुन्या ऱ्होड्सचा कारखाना थंडावला. मग काही वर्षांनी लोकांना हुरहूर लागली. त्या हुरहुरीचे हप्ते आता मी भरणार होतो.

मीनलने निवड मात्र शहाणपणाने केली. एकच पट्टी हळूहळू जोर वाढवत वीसदा दाबली. स्वर क्रमाने घंटेपासून गुरगुरीपर्यंत गेला पाहिजे, जिना उतरल्यासारखा धपकन नव्हे. मग पेडल दाबून स्वर विझेपर्यंत थांबली. शेवटी कीबोर्ड उचलून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. ८८ पट्ट्यांचा नाकारून ७३ चा, हलका घेतला.

"आणि काका, यात पट्टी सोडल्यावरचा खट्ट आवाजपण दिलाय," मुलगा अभिमानाने म्हणाला. "हवा तेवढा वाढवा."

"खट्ट? त्याचे पैसे?" माझे तोंड उघडले ते इथे.

आणि एकदम अण्णांची पेटी आठवली. तिचा पंचम उशिरा बोलायचा, भात्याला दमा होता आणि एक पट्टी अशीच खट्ट करायची. अण्णा म्हणायचे, "पेटीने अपमान फार सोसले रे." पॅरिसच्या दबेंने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले; ती इथे येऊन भजनात, नाटकात घरची झाली; तरी रेडिओने १९४० मध्ये तिला दार बंद केले. अण्णा गेल्यावर नव्या ब्लॉकमध्ये जागा नाही म्हणून मी ती भंगारवाल्याला दिली. १९८९ साल. एकशेदहा रुपये. त्याने शंभर दिले असते तरी दिली असती. रेडिओने निदान १९७१ साली दार उघडले. मी तेही ठेवले नाही.

रात्री मीनल म्हणाली, "बाबा, यात हार्मोनियमपण आहे. ऐका." तिने वाजवली. सूर स्वच्छ, एकही उशिरा बोलेना.

"कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "दमा नाही हिला."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता तिने ऱ्होड्स लावला आणि खट्ट शेवटपर्यंत वाढवला.

दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, तो मिक्सर आता देऊन टाकू. केवढा ओरडतो!"

"राहू दे," मी म्हणालो.