आपलं अंगण: सारवणापासून पेव्हर ब्लॉकपर्यंत

मी ब्राह्मणपुरीहून बोलतेय. गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंगणासाठी कर्ज मागितलं. लगेच दोन बाजू पडल्या. कोणी म्हणे, सरळ काँक्रीट ओतून घ्या, कटकट मिटेल. कोणी म्हणे, पेव्हर ब्लॉक बसवा. मी म्हटलं, आपलं अंगण इथवर कसं आलं, ते आधी आठवून बघू.

आपल्याच शहादा तालुक्यात प्रकाशा इथं १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथं ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. पुणे जिल्ह्यातलं इनामगावही त्याच काळातलं. तिथल्या घरांच्या जमिनी चोपलेल्या मातीच्या होत्या. म्हणजे माती पसरून चोपायची ही रीत तीन हजार वर्षांची तरी आहे.

जुनी माणसं गावची जमीन दोन शब्दांत सांगत. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी तेवढी हलत नाही. घरं पांढरीवर असत आणि धाब्यावरही पांढरीच टाकत. अंगण उखडलं तर बाई पाटीभर माती आणी, चोपी, शेणानं सारवी. दुरुस्ती तिच्या हातात होती. पण शेण गोळा करण्यापासून कंबर मोडेपर्यंत सारवण्याचे ते कष्ट कोणी मजुरीत धरले नाहीत. म्हणून सारवण सुटलं याचं मला वाईट वाटत नाही.

मग ऐपतवाल्यांच्या ओट्यावर शहाबादी फरशी आली. सिमेंट मात्र आपल्यापर्यंत फार उशिरा पोहोचलं. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं, पण पुढे कितीतरी वर्षं ते सरकारी नियंत्रणात, परवान्यावर मिळे. १९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या बायांनी सरकारी कामांवर बसून खडी फोडली. रस्ते झाले, पण त्यांची स्वतःची अंगणं मातीचीच राहिली. जानेवारी १९८२ मध्ये तर सिमेंट वाटपाच्या वादात मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर दुकानात कुणालाही गोणी मिळू लागली आणि सिमेंटचं अंगण म्हणजे घराची प्रतिष्ठा झाली.

पेव्हर ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रस्त्याला लागणाऱ्या विटा कमी पडल्या, म्हणून त्यांनी विटेसारखे सिमेंटचे ठोकळे केले. आपल्याकडे २००६ साली या ब्लॉकसाठी भारतीय मानक ठरलं. गावात ते आधी ग्रामपंचायतीच्या गल्लीत आले, मग आपल्या दारात.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. आमचं नवं घर गावठाणाबाहेर, काळीवर आहे. मिस्त्रीनं मुरूम न भरता थेट काँक्रीट ओतलं. आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आरपार तडे गेले. पुढे खालची नळाची पाइप फुटली, तेव्हा ते फोडावं लागलं. वर मारलेलं ठिगळ उंच झालं आणि पावसाचं पाणी उंबऱ्याकडे वळलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी अंगण फुटलं तर पाटीभर मातीत भागायचं." कर्जाचे हप्ते मात्र अजून बाकी होते.

म्हणून कर्ज मागणाऱ्या ताईंना मी तीन गोष्टी विचारल्या. पहिली, खाली काळी आहे की पांढरी? काळी असेल तर काहीही करा, आधी ती काढून मुरूम भरा, पाणी मारून चांगला दाबा, आणि उतार घराबाहेर ठेवा. मुरमाचे पैसे वाचवू नका. दुसरी, अंगणात काय करता? मिरची, धान्य, पापड वाळत घालायचे असतील तर सलग काँक्रीट सोयीचं, कारण ब्लॉकच्या फटीत दाणे अडकतात. पण काँक्रीट पट्ट्या सोडून भागाभागांत ओता, आणि निदान आठवडाभर ते ओलं ठेवा. तिसरी, खालून पाइप जाते का? जात असेल तर ब्लॉक बरे. चार ब्लॉक उचलून दुरुस्ती करायची आणि तेच परत बसवायचे. फटींतून थोडं पाणीही मुरतं. मात्र कडेला पक्की काँक्रीटची कड हवीच, नाहीतर ब्लॉक सरकतात. नुसत्या पायी वापराला ५० मिलिमीटर जाडी चालते, मोटारसायकल किंवा हलकं वाहन येणार असेल तर ६० घ्या.

ताईंचा प्लॉट काळीवर, आणि नळाची पाइप दारासमोरून गेलेली. त्यांनी पाइपेवर ब्लॉक आणि चुलीच्या बाजूला मिरचीपुरतं काँक्रीट, असं ठरवलं. मुरमासाठी अर्जातली रक्कम थोडी वाढवली, आणि गटानं ती मंजूर केली. मुरूम दाबायच्या दिवशी आम्ही दोघीतिघी तिथं उभ्या राहणार आहोत. तुमच्या गटातही असं कर्ज आलं, तर पैसे देण्याआधी एकदा जाऊन जमीन बघून या.