शाळेतला कोच खेळाडू घडवतो म्हणजे नेमकं काय करतो?

ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला आणि 2021 च्या आयपीएलमध्ये 635 धावा करून ऑरेंज कॅपचा मानकरी ठरला. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडमध्ये पोरगं बॅट घेऊन पळायला लागलं की आधी अकादमीची फी विचारली जाते. शाळेतल्या पीटीच्या सरांना मात्र फारसं कुणी काही विचारत नाही.

खरं तर महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शाळेतल्या कोचचंच आहे.

1999 साली बोरिवलीत दिनेश लाड यांनी समोरच्या संघातला एक ऑफस्पिनर पोरगा पाहिला आणि त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. फी होती महिन्याला 275 रुपये. घरच्यांना ती झेपणारी नव्हती. लाड सर शाळेच्या संचालकांकडे गेले आणि फी माफ करून घेतली. पोरगं होतं रोहित शर्मा. तोवर सर त्याला गोलंदाजच समजत होते. एक दिवस तो नुसता नॉकिंग करताना दिसला, बॅट सरळ येत होती. खालच्या क्रमांकावरून त्याला थेट सलामीला पाठवलं गेलं. पालघरहून येणाऱ्या शार्दूल ठाकूरला रोजचा प्रवास जमणार नव्हता, तेव्हा लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. 2022 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

यात नेटमधलं तंत्र किती आणि बाकीची धावपळ किती, ते बघा. फी, प्रवास, घरच्यांची समजूत. चाकणमध्ये वडिलांची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, तर पहाटे सहाला पोराला मैदानावर कोण सोडणार, हा प्रश्न तंत्राच्या आधी येतो. शाळेत मैदान असेल तर तो निम्मा सुटतो.

दुसरी गोष्ट कागदाची. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांची प्रवेशिका शाळेकडूनच जाते, अकादमीकडून नाही. पिंपरी-चिंचवडच्या शाळा महापालिका क्षेत्राच्या वेगळ्या जिल्हास्तर स्पर्धेत उतरतात. चाकण खेड तालुक्यात येतं, त्यामुळे तिथल्या पोरांची वाट तालुक्यावरून जाते. सरांनी फॉर्म वेळेत भरला नाही, तर अंगात कितीही खेळ असला तरी ते वर्ष गेलं. दहावीचे क्रीडा गुणही याच स्पर्धांतल्या कामगिरीवर ठरतात.

आणि तिसरी, ज्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं: थांबवणं. वेगवान गोलंदाज मुलगा सकाळी अकादमीत, दुपारी शाळेकडून आणि रविवारी सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेत चेंडू टाकतो. तिन्हीकडचा हिशेब एकत्र कुणीच ठेवत नाही. वाढत्या वयात पाठीच्या मणक्याला त्यातूनच स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉलमध्ये हाच प्रश्न खांदा आणि कोपराचा आहे. तिथल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत 15-16 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू टाकता येतात आणि 75 च्या पुढे गेला की चार दिवस सुट्टी. 2017 पासून तिथल्या राज्यांच्या शालेय संघटनांना अशी मर्यादा घालणं बंधनकारक झालं. चेंडू मोजून पोराला बाहेर काढणं हे कोचचं काम, समोर फायनल असली तरी.

म्हणून अकादमीत घालायचं असलं तरी शाळेतल्या सरांना तीन प्रश्न विचारून घ्यावेत. शाळा स्पर्धेत उतरते का? सराव कधी असतो? आणि पोरगं आठवड्यात किती ओव्हर टाकतं, ते वहीत कोण लिहितं? वही नसेल तर घरी कॅलेंडर असतंच. त्यावर लिहिलं तरी चालतं.