तिसऱ्या पिनेची गोष्ट

आमच्या जुन्या घरातल्या टेबल फॅनला प्लग नव्हता. वायरची दोन उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घालायची, काडीपेटीच्या दोन काड्या खोचायच्या, की पंखा सुरू. अब्बा तसं करायचे, मीही तेच शिकलो. पुढे लोखंडी कूलर आला, तेव्हा वायरमनने नवं तीन भोकांचं सॉकेट बसवलं. वरच्या मोठ्या भोकाच्या मागे मात्र वायरच नव्हती. अब्बांनी विचारलं तर म्हणाला, "ते शोपुरतं असतं, चाचा."

काही वर्षांनी एका मे महिन्यात गल्लीतला एक मुलगा कूलरमध्ये पाणी भरताना गेला. लोक म्हणाले, त्याची वेळ आली होती. जनाजा उठला, चाळिसावं झालं, कूलर भंगारात गेला. त्या घरातल्या सॉकेटच्या मागे काय होतं आणि काय नव्हतं, हे कुणी उघडून पाहिलं नाही. ती तिसरी पिन कुठून आली आणि आपल्या घरात येता येता कुठे हरवली, हे मला तेव्हापासून शोधायचं होतं.

घरातल्या उजेडाची भीती विजेपेक्षा खूप जुनी आहे. झोपण्यापूर्वी दिवे विझवा, उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटतं, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. तेलाच्या दिव्याचा धोका डोळ्यांना दिसत होता. विजेचा धोका तारेत लपून असतो, म्हणून तो ओळखायला माणसाला कित्येक वर्षं आणि कित्येक जीव लागले.

एडिसनने १८७९ मध्ये टिकणारा दिवा बनवला आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरोघरी वीज देणं सुरू केलं. त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजची बेस्ट, उभी राहिली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, त्याच दशकात कोयनेची वीज आली आणि तालुक्याच्या गावांत, यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत दिवे पोहोचले.

सुरुवातीच्या घरांत दोनच तारा असत, एक फेज आणि एक न्यूट्रल. लाकडी पट्टीतून त्या छतापर्यंत जात आणि एखादा दिवा पेटवत. काचेच्या दिव्याला एवढं पुरत होतं. पण इस्त्री, शेगडी, पंखा अशी लोखंडी अंगाची उपकरणं आली तेव्हा नवा धोका उभा राहिला. आतली तार घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, की सगळा पत्रा फेज होतो. हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीत जाते. यावर उपाय म्हणजे पत्र्याला तिसऱ्या वायरने आधीच जमिनीशी जोडून ठेवणं. तेच अर्थिंग.

ब्रिटनने १९३४ मध्ये गोल पिनांच्या प्लगचं मानक ठरवलं. त्यात तिसरी पिन मुद्दाम जाड आणि लांब ठेवली. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. १९४७ मध्ये ब्रिटनने चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग आणला. आपण त्याच वर्षी स्वतंत्र झालो आणि जुन्याच गोल पिनांवर राहिलो. प्लग आला तसा राहिला. मागची हिरवी वायर मात्र गरिबाच्या घरापर्यंत बहुतेकदा आलीच नाही. बाहेरून दिसत नाही, तिच्यावाचून पंखाही फिरतो, मग खर्च कशाला?

जिथे ती आली, तिथेही तिच्याकडे लक्ष हवं. जमिनीत पुरलेल्या पट्टीभोवती कोळसा आणि मीठ घालतात, कारण ओल असेल तरच जमीन वीज नीट वाहून नेते. मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होतं, नेमकं कूलरच्या दिवसांत. मग गळणारी वीज इतकी कमी असते की फ्यूज उडत नाही. फ्यूज आणि एमसीबी तारेला जपतात, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला काही कळण्याच्या कितीतरी आधी माणसाचं हृदय थांबू शकतं.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल होते. किती विजेने स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६१ मध्ये अगदी थोडी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं. आपल्याकडे मिळणारं आरसीसीबी त्याच तत्त्वावर चालतं. फेजमधून जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलमधून परत आली का, याचा ते सतत हिशेब ठेवतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यायचं. तेवढा फरक पडला की ते क्षणात वीज बंद करतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं. वीज गेली, तर आरसीसीबी काम करतंय.

बचतीचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. जुन्या घरांतल्या तारा दोन बल्ब आणि एका पंख्याच्या हिशेबाने टाकलेल्या होत्या. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर. तारेतली वीज दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. म्हणून ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा एलईडी, ७५ वॅटच्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला की बिल कमी येतं आणि थकलेल्या तारांचा भारही उतरतो. पण मोठा भार आणायचाच असेल तर त्याला स्वतंत्र जाड तार हवी. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर गीझर आणि इस्त्री नको.

अब्बा आता नाहीत. गेल्या रमजानच्या आधी मी जुन्या घराची वायरिंग बदलून घेतली. नव्या वायरमनने सॉकेट उघडलं. तीस वर्षांनंतरही वरच्या भोकामागे काहीच नव्हतं. मजुरीसकट हिरव्या वायरचा खर्च ईदच्या कपड्यांपेक्षा कमी आला. त्या मुलाची अम्मी अजून त्याच गल्लीत राहते. माझं काम संपल्यावर वायरमनला मी तिच्याकडे घेऊन गेलो. तिने विचारलं, "बेटा, हे तेव्हा होत नव्हतं का?"

होत होतं. १९३४ पासून होत होतं.