गेमिंग संगणकाच्या सुट्या भागांची निवड

तयार संगणक विकत न घेता प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट इत्यादी भाग स्वतंत्रपणे ठरवून संगणक जुळवून घेण्याच्या प्रक्रियेतील पहिला टप्पा म्हणजे सुट्या भागांची निवड होय. अशा संगणकास व्यवहारात 'असेंबल केलेला संगणक' म्हणतात. मध्यम किमतीच्या गेमिंग संगणकासाठी खर्चाची मर्यादा ठरलेली असते. एका भागावरील खर्च वाढला की दुसऱ्या भागावरील कमी करावा लागतो. त्यामुळे निवड बहुधा दोन याद्यांपर्यंत येऊन थांबते. या लेखात अशा दोन प्रातिनिधिक याद्यांची तुलना केली असून, मोठ्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या ग्राहकाचे उदाहरण म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे सावेडी हे उपनगर घेतले आहे.

दोन याद्या

पहिली यादी : रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ४०६० टीआय (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड.

दुसरी यादी : रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड.

दोन्ही प्रोसेसरांत ६ कोअर व १२ थ्रेड आहेत. पहिल्या यादीत जुना व स्वस्त पाया घेऊन वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डात घातली आहे, तर दुसरीत पाया नवा घेऊन कार्ड एक पायरी खालचे ठेवले आहे. २०२३ मध्ये बाजारात आले तेव्हा या दोन कार्डांच्या अमेरिकेतील किमती अनुक्रमे ३९९ व २९९ डॉलर होत्या.

कार्यक्षमता

आरटीएक्स ४०६० टीआय हे आरटीएक्स ४०६० पेक्षा खेळांमध्ये साधारण २० टक्के वेगवान आहे. तथापि हा वेग पडद्यावर दिसण्यासाठी मॉनिटरही तसा असावा लागतो. ६० किंवा ७५ हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरवर बहुतेक खेळांत दोन्ही याद्यांमधील फरक जाणवत नाही. १४४ हर्ट्झच्या अथवा १४४०पी मॉनिटरवर तो जाणवतो. दोन्ही कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या केवळ ८ मार्गिका वापरतात. म्हणून खर्च वाचवण्यासाठी बी५५० ऐवजी जुना बी४५० मदरबोर्ड घेतल्यास कार्डाला उपलब्ध होणारी देवाणघेवाणीची क्षमता निम्मी होते.

भविष्यातील सुधारणा

पहिल्या यादीतील एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आले. त्यावर रायझेन ७ ५८००एक्स३डी (२०२२) सारखे अधिक समर्थ प्रोसेसर बसतात; परंतु त्यापुढील पिढ्या बसत नाहीत. दुसऱ्या यादीतील एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले असून त्याला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. एएम५ मदरबोर्डवर डीडीआर४ रॅम चालत नाही, त्यामुळे घरी असलेली जुनी रॅम दुसऱ्या यादीत उपयोगी पडत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपच्या टंचाईमुळे रॅमचे भाव जगभर वाढले. त्यामुळे काही महिन्यांपूर्वीची यादी खरेदीच्या दिवशीच्या भावांशी पुन्हा ताडून पाहणे आवश्यक ठरते.

वीज आणि तापमान

पूर्ण भाराखाली पहिल्या यादीतील प्रोसेसर सुमारे ७६ वॅट व कार्ड १६० वॅट, म्हणजे एकूण २३६ वॅट वीज घेते. दुसऱ्या यादीत हे आकडे सुमारे ८८ व ११५, म्हणजे एकूण २०३ वॅट आहेत. इतर भागांचे सुमारे ५० वॅट, एसएमपीएसमधील तूट आणि मॉनिटरचे सुमारे २५ वॅट मिळवल्यास एकूण भार अनुक्रमे ३६० व ३२५ वॅटच्या आसपास जातो. घरगुती वापरातील ६०० व्हीएचा यूपीएस सामान्यतः ३६० वॅट भार पेलतो. म्हणजे पहिल्या यादीसह तो क्षमतेच्या टोकाला पोहोचतो आणि मोठा यूपीएस घ्यावा लागतो. हा खर्च यादीत बहुधा धरलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत अहिल्यानगर परिसरात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा वेळी हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट आणि योग्य अर्थिंग दोन्ही याद्यांना सारखेच आवश्यक असते.

बिघाड आणि दुरुस्ती

सावेडी नगर-मनमाड रस्त्यालगत वसलेले असून पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) यांसारखी बाजारपेठ जवळ नसल्याने सदोष भाग हमीखाली बाहेरगावी पाठवावा लागल्यास त्यात दिवस जातात. याच ठिकाणी दोन्ही याद्यांमधील सर्वांत महत्त्वाचा फरक उघड होतो. रायझेन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही; त्यामुळे कार्ड काढताच संगणक पडद्यावर काहीही दाखवू शकत नाही. रायझेन ५ ७६०० मध्ये साधे अंगभूत ग्राफिक्स आहे. त्यावर मोठे खेळ चालत नसले, तरी मॉनिटरची तार मदरबोर्डला जोडून लेखन, प्रोग्रॅमिंग व ऑनलाइन वर्ग सुरू ठेवता येतात. घरातील एकमेव संगणक अभ्यासासाठीही वापरला जात असेल, तर हा फरक २० टक्के वेगापेक्षा मोलाचा ठरतो.

हमीचा लाभ मिळण्यासाठी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदवलेले जीएसटी बिल जपून ठेवावे लागते. संगणकाच्या या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. तो वाचवण्यासाठी बिलाविना खरेदी केल्यास हमीचा दावा करणे कठीण होते.

निवडीचा निकष

वेगवान मॉनिटर आधीच उपलब्ध असेल, पुढील काही वर्षे प्रोसेसर बदलायचा नसेल आणि अभ्यासासाठी दुसरे साधन असेल, तर पहिली यादी अधिक लाभदायक ठरते. साधा मॉनिटर, टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्याचा बेत आणि घरात एकच संगणक अशी स्थिती असल्यास दुसरी यादी योग्य ठरते; ग्राफिक्स कार्ड पुढे केव्हाही बदलता येते, सॉकेट बदलण्यासाठी मात्र मदरबोर्ड आणि त्याबरोबर बहुधा प्रोसेसर व रॅमही नव्याने घ्यावी लागते.