दुकानाचा फोन आणि मधला माणूस

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींच्या भुवया वर गेल्या असणार. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं त्यांनी इंटरनेटवर चालणाऱ्या फोनबद्दल काय बोलायचं? पण आम्हाला या विषयात एक जुनाच प्रश्न दिसतो. दोन माणसं दुरून बोलतात तेव्हा त्यांच्या मध्ये कोण बसलेलं असतं, आणि त्याच्या हातात काय काय असतं? मोठ्या कंपनीला याची फारशी फिकीर नसते. तिचं स्वतःचं एक्स्चेंज असतं, ते सांभाळायला माणसं असतात. छोट्या धंद्याचं तसं नाही. तिथं वाजलेला फोन म्हणजे गिऱ्हाईक आणि न वाजलेला फोन म्हणजे शेजारच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक. म्हणून टेलिफोनचा इतिहास आज आपण छोट्या धंदेवाल्याच्या बाजूनं वाचू.

सुरुवात करू अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीपासून. तिथं आल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करत होता. त्या काळी फोन उचलला की ऑपरेटर बाई विचारायची, कोण हवंय? सांगितलं की ती दोरीचं टोक योग्य भोकात खुपसून द्यायची. आता गोष्ट अशी सांगतात की, ही बाई स्ट्रोजरच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातली होती, आणि घरात कुणी गेलं म्हणून फोन आला की ती तो आपल्याच माणसाकडे वळवायची. गोष्टीत तिखटमीठ किती, ते बाजूला ठेवा. स्ट्रोजरचं पेटंट मात्र खरं आहे, १० मार्च १८९१ चं. बाईशिवाय चालणारं एक्स्चेंज! फोन करणाऱ्यानं पाठवलेल्या विजेच्या प्रत्येक ठोक्यासरशी यंत्रातला दांडा एक पायरी सरकतो आणि हवी ती तार गाठतो. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ते गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. आपल्यापैकी ज्यांनी काळ्या फोनची तबकडी किर्र किर्र फिरवली आहे, त्यांनी या अंत्यसंस्कारवाल्याची कल्पनाच बोटानं चालवली आहे.

पण नीट बघा, काय झालं? बाई गेली, एक्स्चेंज राहिलं. ते यंत्र टेलिफोन कंपनीच्या मालकीचं. नुसतं यंत्र नाही, तुमच्या टेबलावरचा फोनही कंपनीचा, आणि त्याला दुसरं काही जोडायचं नाही असा तिचा नियम. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बोलण्याच्या भोंग्यावर बसवायचं एक साधं झाकण निघालं होतं, हश-अ-फोन नावाचं. त्यालाही हरकत! प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ मध्ये कोर्टानं झाकणवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. मग टेक्सासमधल्या टॉमस कार्टर या छोट्या उद्योजकानं तेलक्षेत्रातला वायरलेस टेलिफोनला जोडणारं यंत्र काढलं. त्यावर १९६८ मध्ये निर्णय झाला: जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहक आपलं उपकरण तारेला जोडू शकतो. पुढचं सगळं या दारातून आत आलं.

आता १९९९ सालात येऊ. अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर हा कॉलेजात शिकणारा पोरगा. लिनक्स वापरणाऱ्यांना फोनवरून मदत करायची अशी कंपनी त्यानं काढली, भांडवल ४,००० डॉलर. आता फोनवरून मदत करायची तर कार्यालयात छोटं एक्स्चेंज हवं. आलेला फोन योग्य माणसाकडे जावा, कुणी नसेल तर निरोप नोंदला जावा. त्या यंत्राची किंमत त्याच्या सगळ्या भांडवलाच्या बाहेर. मग त्यानं काय केलं? संगणक हाताशी होता, प्रोग्रॅम लिहिता येत होता. त्यानं एक्स्चेंजच लिहून काढलं. नाव ठेवलं अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे फोनच्या बटणांवरची ती चांदणी. आणि तो प्रोग्रॅम त्यानं सगळ्यांना खुला केला. त्याच सुमारास जिम डिक्सन या दुसऱ्या माणसानं साध्या संगणकात बसणारं स्वस्त टेलिफोन कार्ड तयार केलं होतं. त्या प्रकल्पाला त्यानं मेक्सिकोतल्या क्रांतिकारक झपाटाचं नाव दिलं. नावावरून या मंडळींचा मनसुबा काय होता ते कळतं.

एकदा एक्स्चेंज संगणकात आलं की त्याला तांब्याच्या तारेची गरज उरत नाही. आवाज इंटरनेटवरून जाऊ शकतो. इथं आम्हाला न्यायदर्शन आठवल्याशिवाय राहत नाही. नैयायिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं, आणि तो कानापर्यंत कसा येतो हे सांगायला पाण्यावरच्या लाटेचा दृष्टांत दिला. एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. तारेवरच्या आवाजाला हा दृष्टांत बसेल, इंटरनेटवरच्या नाही. तिथं आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतात आणि सोडून देतात. जो तुकडा फार उशिरा पोचेल तो सरळ फेकून द्यायचा. तरी आपल्याला सलग बोलणं ऐकू येतं!

नेहमी येतंच असं मात्र नाही. ज्यांनी सुरुवातीला ही व्यवस्था कार्यालयात बसवली त्यांना एक विलक्षण अनुभव आला: घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूला. कारण ऐका. छोट्या कार्यालयातले सगळे फोन एका राउटरच्या आड असतात, वाड्यातल्या भाडेकरूंसारखे. बाहेर पत्ता एकच, वाड्याचा. फोन जोडण्याची जी रीत रूढ झाली, सिप नावाची, तिच्यात पाकिटावर वाड्याचा पत्ता असतो, पण आत चिठ्ठीत लिहिलेलं असतं, ‘उत्तर तिसऱ्या खोलीत पाठवा’. बाहेरच्याला ती तिसरी खोली कुठली सापडणार? स्पेन्सरनं यावर स्वतःची वेगळी रीत काढली, ज्यात बोलावणं आणि बोलणं एकाच दारातून जातं. दुकानदाराला हे काही माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की गिऱ्हाईक ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवतंय.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली, कारण आपल्याकडे मधला माणूस म्हणजे सरकार. १८८५ च्या तार कायद्यानं तार टाकण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे दिला, आणि फोनही त्यातच आला. इंटरनेटवरून फोन करायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण हात राखून. संगणकावरून परदेशातला फोन लावा, चालेल; देशातला साधा फोन मात्र लावायचा नाही. समजा, कुणाचे इचलकरंजीला माग आहेत आणि मुंबईत मूळजी जेठा मार्केटात गाळा आहे. दोन्हीकडे इंटरनेट आहे, अ‍ॅस्टरिस्क फुकट आहे. तरी गाळ्यावर आलेला गिऱ्हाइकाचा फोन इंटरनेटवरून इचलकरंजीला वळवला, तर लांब पल्ल्याच्या कॉलचं उत्पन्न चुकवल्याचा ठपका बसणार. सार्वजनिक फोन आणि इंटरनेटवरचा आवाज यांच्यात भिंत हवी, असा दंडक होता. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या क्रमांकाची सेवा द्यायची मुभा मिळाली. कॉल सेंटरवरचे नियम २०२० आणि २०२१ मध्ये सैल झाले. सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं, पण आमच्या मते या काळात जास्त राखलं गेलं ते उत्पन्न. आणि त्याची किंमत छोट्यांनी मोजली. मोठ्यांकडे स्वतःच्या भाड्याच्या वाहिन्या होत्या, वकीलही होते.

मधला माणूस काढला की त्याची कामं आपल्या गळ्यात येतात, हा या इतिहासाचा कमी सांगितला जाणारा भाग. कच्चा पासवर्ड ठेवलेली छोटी एक्स्चेंजेस चोर इंटरनेटवरून हुडकतात, शनिवार-रविवारी कार्यालय बंद असताना परदेशातल्या महागड्या क्रमांकांना फोन लावत बसतात, आणि सोमवारी बिल मालकाचं. मग कंटाळून मालक म्हणतो, ही झंझट नको, कुणीतरी दुसरा सांभाळा. म्हणजे महिना भाडं देऊन ‘क्लाउड’वरचं एक्स्चेंज. मधला माणूस परत आला! म्हणून असा करार करताना दराच्या आधी एक गोष्ट विचारावी: उद्या आम्ही दुसरीकडे गेलो तर आमचा क्रमांक आमच्याबरोबर येईल का?

काही कामं त्याहून गंभीर. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत एका बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शिकवल्याप्रमाणे मदतीचा ९११ क्रमांक चार वेळा फिरवला. लागला नाही, कारण त्या मोटेलच्या एक्स्चेंजमधून बाहेर फोन लावायला आधी एक ९ जास्तीचा दाबावा लागे. आई गेली. २०१८ मध्ये अमेरिकेनं कायदा केला की कार्यालयातल्या कुठल्याही फोनवरून ९११ थेट लागलाच पाहिजे. हे इंटरनेटच्या फोनचं पाप नव्हतं, कुठल्याही छोट्या एक्स्चेंजचं होतं. पण आता हे एक्स्चेंज कसं बसवायचं ते दुकानदार ठरवतो, तेव्हा तो आकडाही त्यानंच बघायचा.

आणि विजेचं. तांब्याच्या जुन्या तारेतून आवाजाबरोबर ४८ व्होल्टची वीजही यायची, एक्स्चेंजच्या बॅटरीवरून. गावात अंधार झाला तरी फोन चालू असायचा, आठवतं ना? इंटरनेटच्या फोनला राउटर लागतो आणि राउटरला वीज. ब्रिटनमध्ये जुनं जाळं पूर्ण बंद करायची तारीख डिसेंबर २०२५ ठरली होती. तेव्हा ध्यानात आलं की त्या तारेवर फक्त फोन नाहीत. दुकानांचे चोरघंटे आहेत, लिफ्टमधले फोन आहेत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण आहे. २०२४ मध्ये ती तारीख जानेवारी २०२७ वर नेली. तिथल्या छोट्या दुकानदाराला इंटरनेटचा फोन हवा की नको असं कुणी विचारत नाहीये. त्याला फक्त यादी करायची आहे, आपल्या दुकानात त्या तारेला काय काय जोडलेलं आहे त्याची.

इथं थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.