आपल्या टीमची मॅच बघायला परगावी



इंदूरच्या मराठी घरांबद्दल आपण बरंच लिहिलं. राजवाडा, सराफा, गणपती, लग्नाच्या पंगती, सगळं झालं. एक विषय राहिलाच होता. आपल्या टीमची मॅच बघायला गाव सोडून जाणं, आणि त्यासाठी घरात होणारी खटपट. आज त्यावर लिहितो. थोडा इतिहास आहे, थोडं आमच्या घरातलं ऐकलेलं.

नव्या पिढीसाठी आधी हिशोब मांडतो. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकरांची टीम रणजी करंडकाच्या दहा फायनल खेळली. मधलं एक १९४८-४९ तेवढं सुटलं. त्यातल्या चार जिंकल्या. दहांपैकी पाच फायनल इंदूरला झाल्या, पाच परगावी: दोन मुंबईला, दोन बडोद्याला, एक कलकत्त्याला. घरची फायनल बघायला यशवंत क्लबच्या ग्राउंडवर गेलं की झालं. परगावची म्हणजे रजा, तिकीट, मुक्काम, शिदोरी आणि घरच्यांची समजूत.

पहिली फायनल मार्च १९४५ ची, मुंबईला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. आमचे आजोबा तेव्हा संस्थानच्या हिशोब खात्यात कारकून होते. ते आणि त्यांचे दोन मित्र असे तिघं निघाले. आजच्यासारखं शनिवार-रविवार जाऊन परत येऊ, असं तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. कारण ती फायनल निकाल लागेपर्यंत खेळायची होती. किती दिवस चालेल ते कोणालाच ठाऊक नाही. मग रजा किती दिवसांची मागायची? परतीचा दिवस कुठला धरायचा? आजोबा सांगत की रजेच्या अर्जात त्यांनी 'घरगुती कामासाठी' एवढंच लिहिलं, आणि साहेबांनी अर्ज हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, 'टॉस कोण जिंकेल असं वाटतं?'

दुसरा वाद रस्त्याचा. इंदूरहून मुंबईला जायला दोन वाटा होत्या आणि दोन्हीकडे गाडी बदलावी लागे. एक खंडव्याची. मीटरगेजने महू, पातालपाणी, कालाकुंडचा घाट उतरायचा, नर्मदा ओलांडायची, खंडव्याला मोठ्या गाडीत बसायचं आणि भुसावळ, मनमाड, नाशिक करत बोरीबंदर. दुसरी रतलामची. तिथे गाडी बदलून गोध्रा, बडोदा, सुरतवरून मुंबई सेंट्रल. आजोबांचा जीव खंडव्याच्या वाटेवर. ती लाइन व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, तेव्हा 'आपल्या पैशाच्या रुळांवरून जाऊ' असा त्यांचा युक्तिवाद. शेवटी तसंच झालं. युद्धाचे दिवस होते, गाड्यांत शिपायांचीच गर्दी. बरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि इंदुरी शेवेचा डबा.

मुक्काम गिरगावात, आजीच्या थोरल्या भावाच्या चाळीत. इथून खरी गंमत सुरू होते. चाळ सगळी मुंबईच्या बाजूची, आणि हे तिघे होळकरांचे. पहिल्याच रात्री जेवताना आजीच्या भावाने छेडलं, 'काय हो जावईबापू, मराठी माणूस असून मुंबईच्या विरुद्ध टाळ्या वाजवणार?' आजोबांनी ताक संपवून शांतपणे सांगितलं, 'होळकर काय तुम्हाला परके वाटले?'

बोलणं थट्टेतलं, पण आपल्यासारख्या घरांना हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चिकटलेला आहे. तुम्ही नक्की कुठले? नावं मराठी, घरात पुरणपोळी, पण 'आमचं गाव' म्हटलं की तोंडात इंदूर. मल्हाररावांच्या काळापासून माळव्यात आलेली ही घरं. इंदुरात असताना याचा विचार करायची वेळ येत नाही. परगावच्या स्टेडियममध्ये आपल्यासारखंच बोलणाऱ्या हजार माणसांत बसून दुसऱ्या टीमसाठी ओरडावं लागतं, तेव्हा उत्तर द्यावंच लागतं.

आणि भाषेवरून बाजू ठरवायची म्हटली तरी पंचाईतच. मुंबईकडून धावांचे डोंगर रचणारे विजय मर्चंट आणि रुसी मोदी, एक गुजराती, एक पारशी. आमचे कॅप्टन कर्नल सी. के. नायडू, नागपुरात जन्मलेल्या तेलुगू घराण्यातले. सलामीला इंदूरचे मुश्ताक अली. भरीला डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज, जो युद्धामुळे महूच्या छावणीत होता म्हणून होळकरांकडून खेळला. आमच्याकडे चंदू सरवटे होते, भाऊसाहेब निंबाळकरही होळकरांकडून खेळले. (बसस्टँडला नाव आहे ते तात्या सरवट्यांचं, हे सरवटे वेगळे.) पण आजोबा टाळ्या वाजवत होते त्या आडनावं बघून नव्हे. ही सगळी माणसं त्यांच्या गावची होती, एवढंच.

मॅचचं काय झालं? मुंबई ४६२, होळकर ३६०. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ केल्या, त्यात मर्चंटच्या २७८. होळकरांना जिंकायला ८६७ हव्या होत्या. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्यात १३९ केल्या. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. होळकर ४९२ वर संपले, ३७४ धावांनी हरले. एकाच मॅचमध्ये दोन हजारांवर धावा. आजोबा म्हणत, हरल्याचं दुःख गाडीत बसल्यावर झालं, बघताना झालंच नाही. आणि निघताना ज्या चाळीने चार दिवस चिडवलं, तिनेच वाटेसाठी लाडू बांधून दिले.

दोन वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्याची फायनल. या वेळी रतलामची वाट, आणि बेत सोपा, कारण बडोद्यात आपली निम्मी सोयरीक. होळकर आणि गायकवाड, दोन्ही मराठी संस्थानं, दोन्हीकडे आत्या-मावश्या. मॅच मात्र अजिबात सोपी नव्हती. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी. जगात कुठल्याही विकेटसाठी तेवढी मोठी भागीदारी २००६ पर्यंत दुसरी झाली नाही. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. तरी पुढच्याच वर्षी इंदुरात मुंबईला नऊ विकेट्सनी हरवलं. परगावी जिंकलेली फायनल मात्र एकच, १९५२-५३ ची, कलकत्त्याला बंगालविरुद्ध, पहिल्या डावातल्या आघाडीवर. ती बघायला आमच्याकडून कोणी गेलं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाला ना पैसे होते ना रजा. जिंकलेली तेवढी एकच हुकली, याची चुटपूट आजोबांना शेवटपर्यंत होती.

१९५४-५५ नंतर रणजीतून 'होळकर' हे नाव गेलं. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. घरातल्या मोठ्यांना नवं नाव पटकन रुचलं नाही. माझे वडील कितीतरी वर्षं 'मध्य प्रदेश' न म्हणता 'आपली टीम' म्हणत. १९९८-९९ ला ही टीम बंगळुरूत कर्नाटकाविरुद्ध फायनल खेळली. पहिल्या डावात ७५ ची आघाडी मिळवूनही ९६ धावांनी हरली. कॅप्टन होते मुंबईचे चंद्रकांत पंडित.

मग आलं २०२२. पुन्हा बंगळुरू, तेच चिन्नास्वामी स्टेडियम, समोर ४१ वेळा रणजी जिंकलेली मुंबई, आणि आपले कोच पंडितच. मॅच २२ जूनला, बुधवारी सुरू झाली. शुक्रवारी यश दुबे आणि शुभम शर्मा यांची शतकं झाली, आपण मुंबईच्या फक्त सहा धावा मागे. रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने लिहिलं, 'काका, येताय का? दोन दिवस उरलेत, शनिवार-रविवार.' पुतण्या तिथेच नोकरीला. आजोबांना महिनाभर लागलेली तयारी आम्ही अर्ध्या तासात उरकली. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं, बिनधास्त काढलं, कारण आता मॅच पाचव्या दिवशी संपतेच. वहिनींनी शेवेचं पाकीट मात्र आठवणीने दिलं.

शनिवारी रजत पाटीदारचं शतक बघितलं. आपली टीम ५३६ वर गेली. रविवारी, २६ जूनला, मुंबई २६९ वर आटोपली आणि १०८ धावा काढून आपण सहा विकेट्सनी जिंकलो. मध्य प्रदेशचा हा पहिलाच रणजी करंडक. तेवीस वर्षांपूर्वी जिथे हरले, तिथेच पंडितांचे डोळे भरून आले.

आमच्या मागच्या रांगेत ठाण्याचं एक कुटुंब होतं. आमचं मराठी ऐकून काकूंनी विचारलं, 'तुम्ही मुंबईचेच ना?' पुतण्या म्हणाला, 'नाही काकू, इंदूरचे.' त्यांनी हसून अभिनंदन केलं आणि आम्ही शेवेचं पाकीट पुढे केलं. गिरगावातल्या ताटावर जो प्रश्न आजोबांना पडला होता, त्याला आमच्या मुलांना आता उत्तर शोधावं लागत नाही. भाषा तीच, गाव आपलं, आणि दोन्हींत भांडण नाही.

तुमच्या घरातलं कोणी होळकरांच्या मॅचसाठी मुंबई, बडोदा किंवा कलकत्त्याला गेलं होतं का? जुनं तिकीट, पत्र, फोटो, किंवा नुसतं ऐकलेलं, काहीही असेल तर खाली जरूर लिहा. बडोदेकरांनीही लिहावं. ५७७ ची भागीदारी ज्यांच्या घरातून कोणी बघितली असेल, त्यांचं म्हणणं आम्ही आता शांतपणे ऐकून घेऊ.