खर्जाची तार: देवगिरीपासून बॅरिटोन गिटारपर्यंत

तंतुवाद्याचा स्वर खाली नेण्याचे मार्ग मुळात तीनच आहेत: तार सैल करणे, तार जाड करणे आणि तार लांब करणे. यांपैकी पहिला मार्ग बहुधा वादकांनी गरजेपोटी धरला आणि उरलेले दोन कारागिरांनी विचारपूर्वक घडवले, असे या विषयाच्या इतिहासाकडे पाहता स्थूलमानाने म्हणता येते. हेवी मेटल संगीतात, म्हणजे ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलून आणलेल्या फाटक्या, दणदणीत आवाजाच्या संगीतात, गेल्या अर्धशतकात गिटारची पट्टी सतत खाली सरकत गेली आणि त्यातून बॅरिटोन गिटारला, म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा लांब तारांच्या व खालच्या पट्टीत लावल्या जाणाऱ्या विजेच्या गिटारला, महत्त्व आले. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून असे वाद्य निवडू पाहणाऱ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण खर्जाचा प्रश्न याच प्रदेशात आठशे वर्षांपूर्वी शास्त्राच्या भाषेत मांडला गेला होता.

चालुक्य-यादवकालीन नीलकंठेश्वर मंदिरामुळे ओळखला जाणारा निलंगा पुढे निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेला. पण संगीताच्या इतिहासात या मुलखाचे खरे केंद्र देवगिरी हेच होते. तेथे यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. मंद्र, मध्य आणि तार या तीन स्थानांची, म्हणजे सप्तकांची, जागा त्याने अनुक्रमे हृदय, कंठ आणि मस्तक अशी सांगितली असून प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दुप्पट उंच असते हे सूत्रही दिले आहे. त्याने वर्णिलेल्या किन्नरी वीणेचे लघ्वी आणि बृहती असे प्रकार आहेत, म्हणजे एकच वाद्य लहानमोठ्या आकारात घडवण्याची कल्पना त्या काळी रुळलेली होती.

मराठवाड्याच्या लोकसंगीतात मात्र खर्जाचा भार तारेवर पडला नाही. गोंधळात तुणतुण्याची एकच तार वरच्या आवाजात लय धरते आणि खालचा, छातीत घुमणारा आवाज संबळाच्या जोडीतील मोठे अंग पुरवते. तारेतून खर्ज काढण्याची विद्या महाराष्ट्रात वाढली ती कृष्णाकाठी, मिरजेत.

मिरजेचा तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यांच्या दुरुस्तीकडून वाद्यनिर्मितीकडे वळण घेतले आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी तो धंदा गावाची ओळख होईपर्यंत वाढवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर परिसरात पिकणारा मोठा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी आणि घोडीवर तारेखाली सरकवलेले सूत, इतक्या साध्या सामग्रीतून हे कारागीर पुरुषी तंबोरा घडवतात. त्याची शेवटची, पितळेची जाड तार खर्जाची असते. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर ती तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते आणि एवढा खोल स्वर स्वच्छ उमटावा म्हणून कारागीर तिला जवळजवळ एक मीटर लांबी देतात. स्त्रियांच्या उंच पट्टीसाठीचा तंबोरा याच घडणीचा, पण आखूड असतो. मोठाच तंबोरा घेऊन त्याच्या तारा ताणून पट्टी चढवण्याचा आडमार्ग मिरजेने स्वीकारला नाही, आणि या परंपरेचे शहाणपण नेमके येथेच आहे.

या शहाणपणामागचे गणित सरळ आहे. तारेची लांबी दुप्पट केली की कंपने निम्मी होतात. उलट तीच तार त्याच लांबीत ठेवून स्वर एका सप्तकाने उतरवायचा, तर ताण चौथाई करावा लागतो. तार तेवढी सैल झाली की ती पडद्यावर आपटते, बोटाच्या दाबाने बेसूर होते आणि आघाताच्या क्षणी तिचा स्वर आधी चढून मग खाली येतो. केवळ जाडी वाढवण्यालाही मर्यादा आहे, कारण आखूड आणि जाड तार कांबीसारखी ताठ वागू लागते व तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर, आपल्या जागेवरून वर सरकतात.

सतारीच्या बाबतीत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला होता. वीणेचा संथ, खोल आलाप सतारीच्या घडणीत आणण्यासाठी लांब-रुंद दांडीचा आणि जाड तारांचा सुरबहार तयार झाला. त्याला सतारीचा बॅरिटोन म्हटले तर ते वर्णन अचूक ठरेल. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी या वाद्याच्या सर्वश्रेष्ठ वादकांपैकी एक होत्या. त्यांनी आयुष्याची अनेक दशके मुंबईत, जाहीर मैफलींपासून दूर राहून, साधनेत व अध्यापनात घालवली आणि २०१८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

याहून धाडसी प्रयोग झिया मोहिउद्दीन डागर यांचा होता, आणि आजच्या बॅरिटोनशी तुलना करायची तर महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे. धृपद परंपरेतील या रुद्रवीणावादकाने कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यातून आपल्या मनासारखी वीणा करवून घेतली. तिचे भोपळे मोठे, दांडी अधिक रुंद आणि तारा नेहमीपेक्षा जाड होत्या, आणि नखी न वापरता ते ती उघड्या बोटांनी छेडत. वाद्य इतके जड झाले की खांद्यावर घेण्याची उत्तरेकडील रीत सोडून ते दक्षिणेतील वीणेसारखे खाली आडवे धरावे लागले. म्हणजे येथे स्वराच्या खोलीसाठी वादकाने आपली बैठकच बदलली. मुंबईत आणि पुढे पनवेलजवळच्या पळस्पे येथील गुरुकुलात त्यांनी शिष्य घडवले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

पश्चिमेत हा प्रवास उलट्या क्रमाने झाला. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती, आणि डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचे काम त्याच हाताकडे होते. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील अनेक रचनांसाठी त्यांनी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या, त्यामुळे बोटांवरचा ताण हलका झाला आणि आवाजही काळवंडला. या लावणीत गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते, म्हणजे काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज आणि ही तार एकाच स्वरावर येतात. फरक इतकाच की मिरजेत त्या स्वराला एक मीटर तार मिळते आणि आयोमींच्या गिटारवर ती जेमतेम ६३ सेंटिमीटर होती.

लांब तारेची विजेची गिटार तोवर अस्तित्वात नव्हती असे नाही. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो या कंपनीने १९५६ मध्ये सहा तारांचा, गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागणारा बेस काढला होता, आणि १९६१ मध्ये फेंडरने ३० इंची तारेचा ‘बेस सिक्स’ आणला. पण ती वाद्ये कंट्री संगीतात व ड्वेन एडी यांच्यासारख्यांच्या वाद्यसंगीतात रमली आणि जड संगीताने त्यांच्याकडे बराच काळ पाहिले नाही. १९९० मध्ये आयबानेझने सात तारांची ‘युनिव्हर्स’ बाजारात आणली, १९९४ मध्ये ‘कॉर्न’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने सातव्या तारेचा खोल आघात जगभर पोहोचवला, आणि त्यानंतरच लांबीचा विचार मेटलवादकांत गांभीर्याने सुरू झाला. महाराष्ट्रात १९८६ पासून मुंबईत भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाने या संगीताला श्रोता दिला आणि २००० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘डेमॉनिक रिसरेक्शन’सारख्या वाद्यवृंदांनी त्याला मुंबईचे स्वतःचे नाव दिले.

या सगळ्या इतिहासाच्या प्रकाशात निवडीचा प्रश्न बराच सोपा होतो. घोडीपासून मानेच्या टोकावरील खाचपट्टीपर्यंतचे अंतर, ज्याला वादक स्केल म्हणतात, ते साध्या गिटारवर साधारण २५.५ इंच असते. तिच्या सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला ८२ कंपने ६२ वर आणली, म्हणजे पाच अर्धस्वर उतरून ती ‘बी’ या स्वरावर ठेवली, तर त्याच तारेत मूळ ताणाच्या ५६ टक्केच उरतात. लांबी २८ इंच केली तर ६८ टक्के राहतात, आणि उरलेली तूट ४६ ऐवजी ५६ क्रमांकाची, म्हणजे इंचाच्या ५६ सहस्रांश जाडीची, तार घालून भरून निघते. त्यामुळे ‘बी’पर्यंत जाणाऱ्याला २७ इंच पुरतात, ‘ए’ किंवा त्याखाली उतरायचे असल्यास २८ ते ३० इंचांकडेच पाहावे, मग हाताला पडद्यांमधले अंतर काही महिने मोठे वाटले तरी चालेल. रंग, आकार आणि ध्वनिग्राहकाचे, म्हणजे तारेची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या पिकअपचे, नाव यांना दुकानात मिळणारे महत्त्व अवाजवी आहे, कारण सैल तारेतून निघालेला ढिला आवाज कोणताही महागडा ध्वनिग्राहक आवळू शकत नाही आणि डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो फाटका आवाज, चढवल्यावर तो अधिकच गढूळ होतो. लांब मानेचे वाद्य पट्ट्यावर तोल सोडून मानेकडे झुकते, म्हणून ते बसून नव्हे तर उभे राहून वाजवून पाहावे. जाड तारा बसवल्यावर खाचपट्टीच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि घोडीवरील प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवावी लागते, हेही काम विकत घेण्याच्या खर्चातच धरावे.